देवरावभाऊंची दोन ताटं

आमच्या सिंदेवाहीत लग्न ठरलं की मुलीकडचे मंडप बघतात, मुलाकडचे बँड बघतात आणि मग दोन्हीकडचे मिळून एक प्रश्न सोडवायला बसतात: देवरावभाऊ निकोड्यांना पत्रिका द्यायची की नाही. न द्यावी तर माणूस गावातला, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा. द्यावी तर नवरा-नवरीने एकमेकांना घास भरवायची वेळ आली की हा गृहस्थ पंगतीतून उठतो, खिशातून रुमालात गुंडाळलेले दोन चमचे काढतो आणि "एक तुले, एक इले. ज्याचा घास त्याच्या तोंडात," असं म्हणत फोटोवाल्याच्या पुढे उभा राहतो. गावातल्या कितीतरी अल्बमांमध्ये जिलेबीचा घास आणि नवरीचं तोंड यांच्या मधोमध देवरावभाऊंची पाठ आहे.

आहेरही ठरलेला. स्टीलची दोन जाडजूड ताटं. एकावर यंत्राने 'नवरा' असं कोरलेलं, दुसऱ्यावर 'बायको'. मी एकदा विचारलं की अहो, निदान त्यांची नावं तरी कोरा. त्यावर त्यांनी माझ्याकडे कच्च्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं. नावं कोरली तर लोक कौतुकाने फडताळात ठेवून देतात म्हणे, आणि ही ताटं वापरायची आहेत. वेगवेगळी. मरेपर्यंत.

मी मूळचा घुग्घुसचा. सिमेंटच्या आणि कोळशाच्या धुळीत वाढलेल्या माणसाला स्वच्छतेचं वेड फारसं शिवत नाही. भूगोलाचा मास्तर म्हणून बदली होऊन इथे आलो आणि नशिबाने देवरावभाऊंच्या भिंतीला भिंत लागली. पहिल्याच दिवशी ते स्वागताला आले. माझ्या बायकोने, सुनंदाने, चहा पुढे केला, तर भाऊंनी पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढला, चहा त्यात ओतून घेतला आणि आमचा कप मला परत दिला. नंतर तासभर गप्पा इतक्या प्रेमाने मारल्या की अपमान झाला की नाही, याचा निकाल सुनंदाला आजपर्यंत लावता आलेला नाही.

उष्टं हा देवरावभाऊंचा एकमेव शत्रू. बारशाला गेले की बाळाचा पापा घेऊ पाहणाऱ्या आत्या-मावश्यांना ते हाताने अडवतात. आता आपल्या भागात माणुसकी मोजायचं एकच माप आहे, ते म्हणजे खर्रा, तंबाखू-सुपारीचा. घोटलेल्या खर्र्याची पन्नी उघडली की ती चार जणांपुढे धरायची, आणि चार जणांनी त्यात बोटं घालायची. जो धरत नाही तो माणूस नव्हे. देवरावभाऊ पानठेल्यावर उभे राहून स्वतःची पन्नी स्वतःच्या खिशात ठेवतात आणि स्वतःच्याच बोटांनी स्वतःच्याच गालात भरतात. तंबाखूने काय काय होतं हे मी एकदा त्यांना पोस्टरवरच्या चित्रांसकट सांगितलं. ते शांतपणे म्हणाले की तंबाखूचं ठीक आहे जी, तिचं तोंड आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या बोटाचं काय सांगावं?

या व्रतापायी त्यांनी माणसंही गमावली. आपल्याकडे एखाद्याने कुणाच्या घरचा पेला नाकारला की त्याचा अर्थ काय लावायचा हे पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने ठरलेलं आहे, आणि तो चुकीचाही नसतो. त्यांचे जुने सहकारी मेश्राम यांनी पाणी पुढे केलं आणि भाऊंनी पिशवीत हात घातला. मेश्राम काही बोलले नाहीत, पण त्यानंतर कित्येक महिने बोललेच नाहीत. शेवटी एका तेराव्याला मेश्रामांनी डोळ्यांनी पाहिलं की भाऊंनी सख्ख्या मोठ्या भावाच्या हातचा पेलाही तसाच बाजूला सारला, आणि पूजा सांगायला आलेल्या भटजींचाही. तेव्हा कुठे त्यांचा राग गेला. देवरावभाऊंनी विटाळ सर्वांना सारखा वाटला होता. इतकी समता मी तरी कोणत्या भाषणात ऐकली नाही.

त्यांना मान्य असलेलं गाव एकच, एटापल्लीकडचं. निवृत्तीनंतर एकदा जुन्या सहकाऱ्यांबरोबर बियाणं वाटायला गेले होते तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या माडिया आदिवासी शेतकऱ्याने पळसाच्या पानाच्या द्रोणात पाणी दिलं. पिऊन झालं की द्रोण फेकून द्यायचा, दुसऱ्याला दुसरा द्रोण. भाऊंना अगदी स्वर्गात आल्यासारखं झालं. त्यांनी म्हाताऱ्याला आपलं सगळं तत्त्वज्ञान ऐकवलं. म्हाताऱ्याने ते नीट ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंग तू जेवतो कोनासंग?" ही गोष्ट सांगताना देवरावभाऊ नेहमी इथे थांबतात आणि विषय बदलतात.

कारण ते एकटेच जेवतात. घरात बायको आहे, शकुनबाई. ती आत जेवते, हे बाहेर ओसरीवर, रस्त्याकडे तोंड करून. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांच्या भाजीचा रंगसुद्धा दिसतो. गल्लीत यावर दोन मतं होती. एक, भांडण आहे. दोन, जुनं भांडण आहे. सुनंदाचं तिसरं होतं, की असा नवरा बाहेर जेवतो हेच त्या बाईचं सुख असेल.

खरं कारण कळायला मला वर्ष लागलं.

देवरावभाऊंची सारी नोकरी इथल्या भात संशोधन केंद्रात गेली. पद फार मोठं नाही. बांध्यांमधून, म्हणजे भाताच्या खाचरांमधून, फिरायचं आणि रोग शोधायचा, एवढं काम. भातावर टुंग्रो नावाचा विषाणूचा रोग पडतो. तो आपला आपण येत नाही. हिरवा तुडतुडा एका रोगट चुडावर बसून रस पितो आणि त्याच तोंडाने शेजारच्या चुडावर जाऊन बसतो. चूड म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका. पिवळा पडलेला चूड दिसला की भाऊ बांधावरून उलटे चालत जात आणि रोग कोणत्या कोपऱ्यातून शिरला ते हुडकून काढत. शास्त्रज्ञ मंडळी सूक्ष्मदर्शकाशी बसलेली असायची, तोवर भाऊ मळलेल्या पायांनी येऊन कोपरा सांगून मोकळे व्हायचे. त्यांचं एक वाक्य केंद्रात प्रसिद्ध होतं, "आला कुठून, थे पाहा." कुणाची सायकल पंक्चर झाली तरी ते हेच म्हणत. केंद्रातल्या एका साहेबांची बदली झाली तेव्हाही हेच म्हणाले होते, आणि ते मात्र साहेबांना आवडलं नव्हतं.

मग शकुनबाईंच्या एका डोळ्यापुढे धुरकट आलं. इथे ड्रॉप्स दिले, काही आठवड्यांनी डोळा आपोआप सुधारला, ड्रॉप्सवाल्याचं नाव झालं. पुढे एके दिवशी बाजारातून येताना त्यांच्या पायातली चप्पल रस्त्यात निघून पडली आणि त्या तशाच घरापर्यंत चालत आल्या. चप्पल पडल्याचं पायाला कळलंच नव्हतं. त्यावर गावाने आपापली विद्या दाखवली. कुणी वारं गेलं म्हणालं, कुणी लकवा म्हणालं, एका नातेवाइकाने मोबाइलवर आलेलं तेल आणून दिलं, ज्याने गुडघ्यापासून टकलापर्यंत सगळं बरं होतं. शेवटी नागपूर. तिथे मोठ्या यंत्रात घालून मेंदूचे फोटो काढले आणि निदान झालं: मल्टिपल स्क्लेरोसिस.

मेंदूच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूतल्या आणि कण्यातल्या नसांवर वेष्टन असतं, वायरीवर प्लास्टिक असतं तसं. आपल्याच शरीराची राखण करणारी फौज चुकून ते कुरतडते. भाऊंनी डॉक्टरांनाही सोडलं नाही. आला कुठून, थे सांगा, म्हणाले. डॉक्टर भले होते. म्हणाले, पक्कं कुणालाच माहीत नाही. पण एका विषाणूवर संशय आहे. एपस्टाइन-बार त्याचं नाव. तो थुंकीतून पसरतो. मात्र तो बहुतेक सगळ्यांच्याच अंगात असतो, बहुधा लहानपणीच शिरतो, आणि जन्मभर झोपून राहतो. एखाद्याच्याच बाबतीत इतर काही कारणं जुळून येतात आणि हा आजार होतो. आणि हा आजार काही एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

एवढं सगळं डॉक्टर बोलले. भाऊ 'थुंकीतून' या शब्दापाशी उठून गेले होते. म्हणजे बसले होते खुर्चीतच, पण मनाने बांधावरून उलटे चालत चालत थेट स्वतःच्या घरातल्या ताटापाशी पोचले होते.

कारण निकोड्यांच्या घरात भाऊंच्या आईचा नियम होता. सुनेने नवऱ्याच्या ताटात जेवायचं. भाऊ जेवून उठत आणि त्याच ताटात शकुनबाई बसत. सासू गेली, तरी सवय म्हणून वर्षानुवर्षं तेच चालू राहिलं. रोगाचा कोपरा सापडला होता. तुडतुडाही सापडला होता, आणि तो सेवानिवृत्त होऊन पेन्शन घेत होता.

तेव्हापासून हा सगळा प्रकार. दोन चमचे, दोन ताटं, ओसरीवरचं जेवण. बायकोची भांडी ते उकळत्या पाण्यातून काढतात. स्वयंपाक स्वतः करतात, पण तोंडाला रुमाल बांधून. आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दल मी भूगोलाच्या तासाला बरंच बोलतो, पण तो या आजाराला किती वाईट हे मला भाऊंमुळे कळलं. अंग तापलं की शकुनबाईंचे पाय पार जातात. म्हणून एप्रिल लागला की भाऊ कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावतात, दुपारभर त्यावर पाणी शिंपडत बसतात आणि शकुनबाईंच्या पायांवर ओलं फडकं ठेवतात. फडकं ठेवताना तोंड दुसरीकडे वळवतात, श्वास लागू नये म्हणून. नागपूरच्या तपासण्या, इंजेक्शनं, सगळं वेळेवर. बायकोची इतकी सेवा करणारा आणि तिच्यापासून इतक्या लांब बसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

या उन्हाळ्यात त्यांना मोबाइलवर एक बातमी मिळाली. इंग्रजीत होती म्हणून ते ती माझ्याकडे घेऊन आले. या आजारामागे तोच विषाणू असल्याचा संशय आता बराच पक्का होत चाललाय, असं तिच्यात होतं. मी पहिलं वाक्य मराठीत सांगितलं आणि भाऊंचा चेहरा असा झाला की जिंकलेला माणूस आणि फाशी झालेला माणूस एकाच खुर्चीत बसलाय. "सांगत होतो ना, सर," एवढंच म्हणाले. पुढे बातमीत लिहिलं होतं की विषाणू असलेल्या असंख्य लोकांना काहीही होत नाही, आणि एकट्या त्याच्यामुळे आजार होतो असं नाही. तेही मी वाचलं. मोठ्याने वाचलं. पण भाऊ एव्हाना फाटकापाशी पोचले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात काळीपिवळी जीप येऊन उभी राहिली. सुनंदा आतून घाईने आली आणि म्हणाली की भाऊ शकुनबाईंना नागभीडला तिच्या भावाकडे पाठवून राहिलेत, कायमचं. मी शर्ट घालून गेलो.

ओसरीत शकुनबाई खुर्चीवर बसल्या होत्या. बारीक बाई, केस पांढरे, नजर मात्र ठाम. शेजारी वॉकर, पलीकडे बांधलेली बॅग. पुढे स्टुलावर ताट होतं, भात आणि मरळीचा रस्सा. निघण्याआधी पोटभर खाऊन घे, असं म्हणून भाऊंनी सकाळीच ढिवराच्या बाईकडून ताजी मासोळी घेऊन रांधली होती. शकुनबाई सावकाश, चमच्याने जेवत होत्या. हात थरथरत होता. भाऊ अंगणात, चांगले लांब उभे होते आणि तिथूनच मला समजावत होते. भावाचं घर मोठं आहे, भावजय चांगली आहे, तिथे सावली आहे. आणि मुख्य म्हणजे तिथे मी नाही. आता शास्त्रच म्हणतंय म्हटल्यावर मी जवळ राहिलो तर तिचं वाढतच जाणार. खरं तर भावजय चांगली नव्हती, हे त्यांनीच मला आधी सांगितलेलं होतं. पण त्या दिवशी त्यांना कुणीही आपल्यापेक्षा चांगलं वाटत होतं.

"मी नाई जात," शकुनबाई म्हणाल्या.

भाऊंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शकुनबाईंनी चमचा खाली ठेवला.

"अजी, तुमी सारी जिंदगी बांधीत रोग पाह्यला. एक सांगा मले. साऱ्या बांधीत रोग शिरला हाय, एकबी चूड सुटला नाई. अन् पिवळा पडला एकच. मंग तुमी तुडतुड्याले धरून बसान का?"

"भातात असं होत नाई," भाऊ म्हणाले. आवाज कामावरचा होता.

"भातात नाई होत. मानसात होते. डॉक्टर थेच सांगत होता. तुमी ऐकलं नाई, म्या ऐकलं. माजे पाय गेले, कान नाई गेले."

काळीपिवळीवाल्याने हॉर्न दिला. मी त्याला हाताने थांब म्हटलं.

शकुनबाई मग दमादमाने बोलत राहिल्या. त्यांच्या माहेरी सगळ्या बहिणी एकाच परातीत जेवायच्या. मामा आला की सगळ्यांचे मुके घ्यायचा, त्याच्या मिशांसकट. यात्रेत एकच बर्फाचा गोळा आळीपाळीने चोखायचा. तो किडा अंगात यायचाच होता तर तेव्हाच आला असेल, लग्नात आंदणाच्या भांड्यांबरोबर तो आपणच या घरात आणला असेल. उद्या कुणी म्हटलं की तुमच्या अंगात तो माझ्यामुळे आला, तर मला तुम्ही कुठे पाठवाल?

देवरावभाऊ अंगणातच, तुळशीच्या कट्ट्यावर बसले.

"मंग आला कुठून थो?" त्यांनी विचारलं. पण हा प्रश्न नेहमीसारखा नव्हता.

"नाई माहीत. कोनालेच नाई माहीत."

"माजी चूक असन तं मी सुदरवून राह्यलो, असं वाटते मले. रोज वाटते. कोनाचीच नसन, तं मंग मी करू काय, शकुन?"

इतकी वर्षं मी या माणसाची थट्टा करत आलो, पुढेही करीन. पण त्या क्षणी मी उगीच वॉकरच्या रबराकडे बघत बसलो.

शकुनबाई म्हणाल्या, "सर, तुमाले ठाऊक नाई म्हनून सांगते. यांची माय मासोळी वाढे तवा मले डोकसं नाई तं शेपटी. मधली फोड हे खात. खात कुठी, दाखवत खाल्ल्यावानी. भाताखाली दाबून ठेवत अन् उठून जात. मंग मी थ्या ताटात बसे." त्या भाऊंकडे बघत नव्हत्या, ताटाकडे बघत होत्या. "बुढीले कदीच समजलं नाई. थ्या ताटानं मले रोग दिला म्हनता? थ्या ताटावर मी या घरात टिकली."

भाऊंनी खाली बघितलं. कान लाल झाले होते. पासष्टी ओलांडलेल्या माणसाला असं लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं.

शकुनबाईंनी स्टूल पुढे ढकललं. ते जेमतेम चार बोटं सरकलं. ताटात अर्धा भात उरला होता. डोकं, शेपटी खाऊन झालेली होती. मधली फोड भाताच्या कडेला तशीच होती.

"तुमचं उष्टं मले चालत नाई ना? मंग माजं खा. माजं होत नाई आता. फेकाची हाय का मासोळी?"

नवऱ्याने बायकोचं उष्टं खायचं, हे आमच्या सिंदेवाहीत कुठल्या सासूने कधी सांगितलेलं नाही. देवरावभाऊ कट्ट्यावरून उठले. अंगण ओलांडलं. ओसरीची पायरी चढताना एकदा थांबले, सवयीने खिशात हात गेला, तो त्यांनी रिकामाच बाहेर काढला. मग खुर्चीपाशी खाली जमिनीवर बसले, ताट मांडीवर घेतलं आणि हातानेच पहिला घास घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही भान त्यांना नव्हतं. मी काळीपिवळीवाल्याला जायला सांगितलं.

दोन-तीन घास झाल्यावर भाऊ थांबले.

"मीठ कमी हाय जी याच्यात," ते म्हणाले.

"रोजच कमी रायते," शकुनबाई म्हणाल्या. "सांगू कोनाले? तुमी बाहेर बसता."

भाऊंनी तिच्याकडे बघितलं, फडक्याने नाक पुसलं आणि मीठ आणायला आत गेले.